सतरा देश, जपान सोडून

माझे सासरे सतरा देश फिरले होते आणि त्यांना एसटी लागायची.

यातली दुसरी गोष्ट कुणालाही पटेल. पिरंगुटचा घाट सुरू झाला की तात्यांचा चेहरा भोपळ्याच्या फुलासारखा पिवळा पडायचा आणि ओळखीचा कंडक्टर न सांगता खिडकीशी बसलेल्या माणसाला उठवायचा. म्हणून तात्या पौडाला सायकलीने जात आणि पुण्याला शक्यतो जातच नसत. पहिल्या गोष्टीला मात्र सरकारी कागदाचा पुरावा आहे. तो कागद माझ्यामुळे तयार झाला. तेव्हा हे लिहिताना मी स्वतःला होईल तितकं कडेला ठेवणार आहे. पण कागदाची वेळ आली की मला पुढे यावंच लागेल.

मी मुळशी भागातल्या माले गावी सून म्हणून आले ती पुण्याहून, भूगोल घेऊन बी.ए. झालेली. माझ्या वडिलांनी ही पदवी लग्नपत्रिकेत नावापुढे छापून घेतली होती. माझे यजमान पौडच्या शाळेत मास्तर. त्यांच्याही नावापुढे पदवी होती, पण माझी अक्षरं जाड होती. लग्नानंतर तिसऱ्या की चौथ्या दिवशी तात्यांनी ओसरीवर मला विचारलं, "भूगोल शिकलीस, म्हंजे कुटं कुटं जाऊन आलीस?"

मी म्हटलं, "महाबळेश्वर."

"मंग लई झालं की. मी तेवढं बी न्हाई," असं म्हणून ते सुपारी कातरायला लागले.

हसले नाहीत. तात्यांची हीच खोड होती. विनोद करून झाला की ते एखादं काम काढून बसत, आणि समोरच्याला वाटत राही, आपलंच काही चुकलं का. चणीने ठेंगणे, टोपी कायम डाव्या भुवईवर कललेली, आणि कुठल्याही विषयावर बोलायचं झालं की शेवट ठरलेला: "आमी सोत्ता बगितलंय." वाघ, विमान, कुठल्या तरी गावी जन्मलेलं दोन तोंडांचं वासरू, सगळं त्यांनी सोत्ता बघितलेलं. माझ्या सासूबाई, ज्यांना आम्ही सगळे आत्याबाई म्हणायचो, चुलीपाशी बसल्या बसल्या म्हणत, "घरातलं पीठ संपल्यालं तेवढं कदी बगितलं न्हाई."

ऐंशीच्या आसपास आमच्या ग्रामपंचायतीला टीव्ही मिळाला. चावडीच्या पडवीत तो लाकडी कपाटासकट आला. कपाटाला दोन दारं, दारांना कुलूप, किल्ली ग्रामसेवक भाऊसाहेबांकडे. गणपत सुताराने अँटेना आधी कौलांवर बांधली, मग बांबूवर, मग दोन बांबू जोडून त्यावर. पडद्यावर मुंग्याच. चारी बाजूंनी डोंगर, चित्र येणार कुठून? तरी आठवडाभर गावाने रोज नेमाने मुंग्या पाहिल्या. काही जणांना त्यात कुस्ती दिसली. शेवटी बिघाड डोंगराचा आहे यावर सगळ्यांचं एकमत झालं. पण डोंगर दुरुस्तीला नेता येत नव्हता, म्हणून संच पुण्याला नेला. तो काही परत आला नाही. कपाट राहिलं.

एका गुरुवारी संध्याकाळी साडेपाचला तात्यांनी गणपतकडून कपाटाची मागची फळी काढून घेतली, मागे घडवंचीवर बसले, आणि आतून दारं उघडली. कोट, गळ्यात माझ्या यजमानांचा लग्नातला टाय, डोक्यावर टोपी तशीच कललेली.

"नमस्कार. आपण पाहत आहात, जगाची फेरी," तात्या अगदी शुद्ध सुरात म्हणाले. पुढच्या वाक्यालाच गाडी मालेला लागली. "आज आमी आलोय फ्रान्सला. हितं लई थंडी हाय. मान्सं पाव खात्यात, त्ये बी हातभर लांब. आमी सोत्ता बगितलंय."

पडवीत बसलेल्या सात-आठ जणांना काय करावं कळेना. मग गणपत म्हणाला, "आरं, चित्र स्वच्छ हाय की," आणि कार्यक्रम सुरू झाला तो चांगली दोन-तीन वर्षं चालला. दर गुरुवारी, एक देश. साडेपाच ही वेळ अशासाठी की नंतर म्हशींच्या धारा असत. देश संपले की जुन्यांची उजळणी होई. कुणी तक्रार केली नाही.

तात्यांनी खऱ्या टीव्हीवरून एकच गोष्ट उचलली होती. पुण्याला कुणाकडे तरी त्यांनी पाहिलं होतं की मध्येच चित्र जातं आणि 'व्यत्यय' अशी पाटी येते. तर त्यांनीही नातवंडांसाठी आणून ठेवलेल्या दगडी पाटीवर खडूने 'व्यत्यय' लिहून घेतलं. चहा आला की ती पाटी छातीशी धरायची आणि वर तोंडाने सावकाश चहा प्यायचा. माणूस पूर्ण दिसतोय, बशीत फुंकर मारतोय, मिशी पुसतोय. पण पाटी आहे तोवर कुणी त्यांच्याशी बोलायचं नाही. लोकही गप्प बसायचे. टीव्हीला काय बोलणार?

मुलाखतींसाठी परदेशी माणसं गावातूनच घेत. युरोपातल्या कुठल्याशा राणीच्या जागी एकदा आत्याबाईंना बसवलं. त्या लसूण सोलत आल्या आणि सोलतच राहिल्या.

"राणीसाहेब, राज्य कसं काय चाललंय?"

"चालतंय कसलं? जवारी दळायची ऱ्हायलीय."

"परजेसाठी काय संदेश?"

"परजेनं घरी जावावं. धारा कोन काडनार?"

वाळवंटाचा भाग भर श्रावणात झाला. चार दिवस झड थांबली नव्हती, लोक इरली पांघरून बसलेले, आणि तात्या कपाटाच्या त्या पेटीत धोतराच्या सोग्याने वारा घेत, "हितं बारा-बारा वर्षं पानी न्हाई" असं सांगत होते. तेवढ्यात बरोबर त्यांच्या टोपीवर कौलातून धार लागली. गणपत म्हणाला, "तात्या, तुमचं वाळवंट गळतंय." तात्यांनी शांतपणे 'व्यत्यय'ची पाटी उचलली आणि डोक्यावर धरली.

माहिती बरीचशी माझ्याकडूनच जायची. मी भाकऱ्या थापत असले की तात्या उंबऱ्यात येऊन उभे राहत. "सूनबाई, नार्वेत काय असतंय?"

"समुद्राचं पाणी डोंगरांच्या मधून आत लांबवर आलेलं असतं."

"मंग ते आपलं मुळशीचं धरनच की." आणि पुढच्या गुरुवारी नॉर्वे धरणाच्या काठी झाला, पेटी बैलगाडीतून नेली होती.

मला हे पसंत नव्हतं, हे आता कबूल करते. मी दोनदा त्यांचं चुकलेलं दाखवलं. एकदा वाळवंट युरोपात नेलं होतं म्हणून आणि एकदा ऑस्ट्रेलियात वाघ सोडला म्हणून. तात्यांनी राग मानला नाही. उलट मला 'आमच्या तज्ज्ञ' म्हणून पेटीत बसवलं. मी अक्षांश-रेखांशांपासून सुरुवात केली. पाचव्या मिनिटाला पडवीत तीन माणसं उरली, त्यातली एक माझी सासू. तात्यांनी बाजूने हात घालून माझ्यासमोर हळूच पाटी धरली.

लोक विचारत, "तात्या, जपान कदी?" तात्या म्हणत, "जपान राखून ठिवलाय."

त्याचं कारण मला आत्याबाईंनी सांगितलं. तात्या नुकते कर्ते झाले होते तेव्हा शेतकी खात्याचे एक साहेब गावात येऊन जपानी पद्धतीची भातलावणी दाखवून गेले होते. दोरीला ठरावीक अंतरावर गाठी मारायच्या, दोरी खाचरात आडवी ताणायची, गाठीपाशी रोप लावायचं, म्हणजे ओळी सरळ. सगळ्या गावाने एक वर्ष हौसेने केलं आणि सोडून दिलं. तात्यांनी सोडलं नाही. त्यांचे वडील बांधावरून ओरडत, "भात काय पलटनीत भरती करायचंय का?" लावणीला आलेल्या बाया वैतागत, दोरी सरकवेपर्यंत कमरेत वाकून थांबायचं म्हणजे काय? भात इतरांपेक्षा थोडं जास्त येई, आणि चेष्टा पुष्कळच जास्त होई. वीस-पंचवीस वर्षं त्यांनी ती चेष्टा सहन केली होती. पण एक शंका त्यांना आतून खात होती, आणि ती त्यांनी मला एकदाच बोलून दाखवली.

"जपानात खरंच असं करत्यात का गं? सायबानं सांगितलं तवा त्येच्या बुटाला चिखल न्हवता."

सगळं सोत्ता बघितलेल्या या माणसाने जन्मभर ज्याच्यावर भरवसा टाकला, तेवढं एकच बघितलं नव्हतं.

अशात एक दिवस भाऊसाहेब सायकलवरून घाईने आले. सरकार काही भात उत्पादक शेतकऱ्यांना जपानला पाठवणार होतं. तालुक्यातून नावं मागवली होती. भाऊसाहेबांनी तात्यांचं नाव आधीच धरलं होतं. या भागात दोरीवाला दुसरा होता कोण?

तात्यांनी पाय धुतले, पुसले, पुन्हा धुतले. मग मला हाक मारली. "सूनबाई, इमानाला वळनं असत्यात का?"

"नाही तात्या, सरळ जातं."

तरी दुसऱ्या दिवसापासून त्यांनी तयारी सुरू केली. हातात लिंबू घेऊन एसटीने पिरंगुटचा घाट ओलांडून भूगावपर्यंत जायचं आणि तिथून परत. पहिल्या दिवशी त्यांना धरून उतरवावं लागलं. तिसऱ्या दिवशी स्वतः उतरले आणि बांधावर बसून राहिले. पाचव्या दिवशी घरी येऊन म्हणाले, "आज पोटातलं पोटातच ऱ्हायलं." एवढा आनंद मी त्यांच्या चेहऱ्यावर एरवी पाहिला नव्हता.

अर्ज भरायला माझ्याकडे आला, कारण माझं अक्षर चांगलं. आता मला पुढे यावं लागतंय.

सगळा अर्ज ठीक भरला. क्षेत्र, पीक, पद्धत. शेवटी एक अरुंद रकाना होता: 'यापूर्वीचा परदेशप्रवास'. आमच्या शाळेत शिकवलं होतं की काहीही होवो, रकाना कोरा सोडायचा नाही. ही शिकवण मी इतकी मनावर घेतली होती की परीक्षेत न येणाऱ्या प्रश्नांनाही मी प्रदेशाचं हवामान लिहून यायची. कोरा रकाना म्हणजे माणूस मागासलेला दिसेल, दुसऱ्या तालुक्यांतले कोण कोण काय काय लिहितील, असं सगळं माझ्या मनात आलं आणि मी लिहिलं, 'कार्यक्रमाच्या निमित्ताने १७ देश.'

कार्यक्रम कसला, ते लिहिलं नाही. जागा नव्हती, असं मी पुढे बरीच वर्षं स्वतःला सांगत आले. खरं सांगायचं तर मला लाज वाटली. पुण्याच्या कचेरीत कुणी तरी शिकलेला माणूस हे वाचणार, आणि माझ्या सुरेख अक्षरात त्याला कळणार की माझा सासरा एका रिकाम्या कपाटात डोकं घालून बसतो. ते मला नको होतं. देश हवे होते, कपाट नको होतं.

"काय काय लिवलंस?" तात्यांनी चष्मा शोधत विचारलं.

"सगळं चांगलंच लिहिलंय."

चष्मा सापडायच्या आत त्यांनी सही केली.

उत्तर आलं ते नेमकं गुरुवारी. सगळे पडवीत जमलेले. भाऊसाहेबांनी पाकीट फोडून मोठ्याने वाचायला सुरुवात केली आणि मधेच त्यांचा आवाज बारीक झाला. अर्जदाराने यापूर्वी सतरा देशांचा प्रवास केलेला असल्याने, ज्या शेतकऱ्यांना अशी संधी मिळालेली नाही त्यांना प्राधान्य देण्यात येत आहे. कळावे.

मी शेणाने सारवलेल्या जमिनीवरची बोटांची नक्षी बघत राहिले. मग गणपत म्हणाला, "म्हंजे सरकारला बी खरं वाटलं?"

तात्या उठले, भाऊसाहेबांच्या हातातून कागद घेतला आणि पेटीमागे गेले. दारं उघडली. "नमस्कार. आपण पाहत आहात, जगाची फेरी. आज इशेष बातमी." त्यांनी ते पत्र पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचलं, शिक्क्यासकट. "तर मंडळी, आता लेखी हाय. ज्येला ज्येला शंका हुती, त्येनं हितं येऊन सही बगावी." लोक हसून हसून कोलमडले. गणपतच्या डोळ्यांतून पाणी आलं. मग तात्यांनी पाटी उचलली.

चहा आला नव्हता. आणि पाटी त्यांनी छातीशी धरली नाही, तोंडासमोर धरली. खडूचं 'व्यत्यय', वर कललेली टोपी, खाली टायचं टोक. हसणं हळूहळू थांबलं. पाटी खाली येईना. शेवटी आत्याबाई उठल्या आणि बाहेरूनच कपाटाची दारं लोटून घेतली. "संपला आजचा. धारा काडा जावा."

रात्रीच्या भाकऱ्या मी करपवल्या. आत्याबाईंनी ताटावर बसलेल्या तात्यांना विचारलं, "त्ये सतरा कुनी लिवलं म्हनावं?"

"मीच सांगितलं हुतं लिवायला," तात्या म्हणाले आणि करपलेली भाकरी कोरड्यासात कुस्करू लागले. मी काही बोलले नाही. बी.ए. झालेल्या माणसाला गप्प बसणंही नीट जमतं.

जपानला दुसऱ्या एका तालुक्यातले शेतकरी जाऊन आले. चार-सहा महिन्यांनी पौडाला त्यांचं भाषण ठेवलं होतं, भिंतीवर रंगीत चित्रं दाखवणार होते. तात्या निघाले, तेही एसटीने. मी लिंबू घेऊन बरोबर गेले. भाषण झालं, टाळ्या झाल्या. आगगाडी पाहून झाली, फुलांची झाडं पाहून झाली. तात्यांनी हात वर केला.

"दोरीला गाठी किती अंतरावर मारत्यात?"

पाहुणे गोंधळले. "दोरी? छे हो. आता कुठली दोरी? यंत्राने लावतात तिथे."

सभागृहात दोघे-तिघे हसले. तात्या खाली बसले नाहीत. "यंत्रानं, बरं. पन रेघ? रेघ सरळ असती का?"

"एकदम. वहीवर मारल्यासारखी."

"सोत्ता बगितली?"

"समोर उभं राहून बघितली."

तात्या खाली बसले. परतीच्या गाडीत त्यांनी लिंबाला हातसुद्धा लावला नाही. आजारी पडायचं ते विसरून गेले होते. मालेचा थांबा आला तेव्हा एवढंच म्हणाले, "सायब खोटं बोलला न्हवता."

त्या गुरुवारी राखून ठेवलेला जपान झाला. सगळ्यांत लहान भाग. तात्यांनी पेटीच्या एका दारापासून दुसऱ्या दारापर्यंत आपली गाठींची दोरी ताणली आणि म्हणाले, "जपानात भात सरळ रेघंत लावत्यात. दोरी यंत्राच्या पोटात गेलीया, म्हनून दिसत न्हाई. हे मी सोत्ता बगितल्यालं न्हाई. ज्येनं बगितलं, त्येला इचारून आलोय." आणि दारं लावली.

पुढे पलीकडच्या डोंगरावर कसला तरी खांब उभा राहिला, नवा संच आला, त्यात स्वच्छ चित्र आलं, आणि कपाट ज्याचं त्याला परत मिळालं. तात्या इतरांबरोबर पडवीत बसून टीव्ही बघत. जगाची सफर दाखवणारा एखादा कार्यक्रम लागला की मान हलवत. तिथला माणूस मात्र फारच हसतो, असं त्यांचं मत होतं.

त्यांना जाऊनही आता पुष्कळ वर्षं झाली. शेवटचे म्हणून मला ते अंथरुणावरचे आठवत नाहीत. मला आठवते ती जपानच्या भागानंतरची लावणी. बाया कमी आल्या होत्या. तात्यांनी बांधावरून हाक मारली, "सूनबाई, त्या टोकाला उभी ऱ्हा." तोवर मी खाचरात पाय घातला नव्हता, भातशेतीवर मी एकवीस गुणांचं उत्तर लिहिलं होतं तेवढंच. लुगड्याचा काचा मारून मी उतरले, पहिल्याच पावलाला एक पाय गुडघ्यापर्यंत गेला, बाया हसल्या. कशीबशी टोकाला पोचले आणि दोरीची काठी धरली. पलीकडच्या टोकाला तात्या, मधे सगळं खाचर. एवढ्या लांबून माणसाच्या डोळ्यांत बघावं लागत नाही. म्हणून असेल, मी ओरडून म्हटलं, "तात्या, ते सतरा देश मीच लिहिले होते."

"ठाव हाय," ते तिकडून ओरडले. "अक्षर तुजं हाय न्हवं?"

वाकलेल्या बायांनी माना वर केल्या. तात्यांनी आपल्याकडची काठी चिखलात ठोकली.

"रकाना कोरा ठिवायला भ्यालीस, व्हय ना? मंग 'न्हाई' लिवायचं. मावलं असतं."

"चुकलं, तात्या."

"त्ये ऱ्हाऊ दे." त्यांनी एक डोळा मिटून दोरीवरून माझ्याकडे नजर लावली, टोपी भुवईवर आणखी खाली आली. "दोरी ताण. जपान वाकडा व्हतोय."